वाव

आचऱ्याच्या दवाखान्यात भिकाजी कोयंडे तांडेल
उताणा, गुडघे दुमडून.
बेंबीच्या वर, जरा डावीकडे
माझ्या बोटांना काहीतरी अडतं:
आंब्याच्या बाठ्याहून मोठं, सोललेल्या नारळाहून लहान.

“दुखता?”
“दुखना नाय. पण खडप असा थंयसर.”

एक्स-रे इथेच आहे, भिंतीपलीकडे, धूळ पुसली की चालू.
त्यात मणके दिसतील, आतड्यातला वारा दिसेल,
हे दिसणार नाही.
ओरोसला सीटी. पण शिरेतून औषध सोडायचं
तर आधी मूत्रपिंडांची परवानगी लागते,
आणि वीस वर्षांच्या साखरेनं
ती जवळजवळ काढून घेतली आहे.
एमआरआय गोव्याला. त्याच्या डाव्या डोळ्यात
इंजिन घासताना लोखंडाचा कण गेला होता.
निघाला का?
“गेलो असतलो खंय तरी.”

लेक तारामती म्हणते, एकदम कोल्हापूरलाच नेऊ,
मोठ्या मशीनमध्ये काय ते एकदाच कळेल.
गाडी ठरवली आहे. साडेसात हजार
पर्समध्ये, रबर लावून.

तेवढ्यात माझी बोटं हलतात.
मी नाही हलवलेली.
दोन तर्जन्या गाठीच्या दोन कडांना ठेवतो:
नुसत्या वर उचलल्या गेल्या, तर गाठ म्हणजे
धमनीच्या खांद्यावर बसलेलं पोर.
एकमेकींपासून फाकल्या, तर ती धमनीच,
फुगलेली, आणि घाटातली वळणं तिला परवडायची नाहीत.
उचलल्या.
की फाकल्या?
पुन्हा.
पंधरा वर्षं पोटं चाचपतोय, मला सांगता येत नाही.

“सोनोग्राफी,” मी म्हणतो. “मालवणात. आत्ता.”
“एवढीशीच?” तारामती.
तांडेल मात्र कोपरावर उठू बघतो:
“म्हणजे आमच्या बोटीरचा मशीन?”
तेच. आवाज सोडायचा, परत येईस्तोवर मोजायचं.
“बापूस माझो शिशाक चरबी लावन सोडी.
किती वाव ता कळा, आणि तळाची रेव
चिकटान वर येय.”

सुईचं नाव मी काढत नाही.
आधी खोली. रेव मागाहून.

चिठ्ठीवर लिहितो: ठोके लागतात, धमनी आधी बघा.
फोनवर सांगतो: पोट रिकामं आहे, चहासुद्धा नाही.
रिक्षा नको, अ‍ॅम्ब्युलन्स. हळू.

“जेल गार लागेल हं,” मी म्हणतो.
पहाटे तीनला कमरेएवढ्या पाण्यात
जाळं ओढणारा माणूस
माझ्याकडे नुसता बघतो.