नऊ नंबरचे बूट

बसा डॉक्टरसाहेब. दार लोटून घ्या,
वाळू येते आत. स्कर्दूची वाळू एकदा बुटात शिरली
की मुलतानपर्यंत सोबत करते.
चहा मिठाचा आहे. तोंड वाकडं झालं तरी
अर्धा पेला संपवा, मग बोलू.

तर, कोणती कंपनी.
तीन कागद आणलेत, घडीवर घडी घातलेले.
पहिलीने लिहिलंय, शंभरातले ब्याण्णव माथ्यावर.
छपाई छान आहे.
हाताची पायाची किती बोटं गेली
त्याचा रकाना नाही.
दुसरी निम्म्या पैशात नेते.
तुम्ही दातांचे डॉक्टर, तुम्हाला काय सांगू,
दात कोरून पोट भरत नाही.
कुणाच्या तरी ताटातून निघतात ते पैसे,
स्वयंपाक्याच्या रॉकेलमधून, दोराच्या लांबीतून,
हुशेच्या कुठल्यातरी पोराच्या विम्यातून.

माझं दुकान बघा. नवं काही नाही इथे.
मोहीम संपते, माणसं विमानाने जातात,
उरलेलं जीपमधून माझ्याकडे येतं :
तंबू, स्टोव्ह, एकाच पायाचा क्रॅम्पॉन,
तारीख उलटलेल्या जपानी शेवया.
कंपनीविषयी मी कुणाला विचारत नाही,
दोर ओढून बघतो.
त्या काचेच्या दारवाल्यांचा दोर
तीन उन्हाळे गच्चीवर पडलेला,
कडक, वाळल्या जर्दाळूसारखा.
मी घेतला नाही.
मग यंदा त्यावर नवं लेबल दिसलं.

कोपऱ्यातले पिवळे? हो, दुहेरी आहेत, भारी.
माझ्या साडूच्या मुलाचे, बाकिरचे.
कंपनीने जूनमध्ये दिले,
त्याने ऑक्टोबरात मला विकले,
कारण मजुरी बर्फ पडला तरी आली नव्हती
आणि बहिणीचं बाळंतपण थांबणार नव्हतं.
मेमध्ये उसने घेऊन गेला. हंगाम करून
परत आणून ठेवले, पुसून, नाड्या धुऊन.

मी? अकरा हंगाम वाहिलंय.
शेवटच्या वेळी तिसऱ्या कॅम्पच्या वर
एक साहेब खाली बसला. उठेना.
रेडिओवर आवाज आला, अजून दोन तास थांबा,
आभाळ उघडेल, फोटो हवाय.
थांबलो.
हुकूम होता म्हणून, असं बायकोला सांगितलं.
माथ्याचं बक्षीस वेगळं होतं,
हे तुम्हाला सांगतोय.
चौघांनी मिळून उतरवला त्याला, झोपवून.
पुढे त्याचं पत्र आलं एक.
डाव्या हाताने लिहिलेलं.

तिसरा कागद.
गल्ली संपते तिथे, शिंप्याच्या डोक्यावर.
पाटी धड नाही. सकीना बसते,
नवरा गेल्यापासून तीच चालवते.
ती आधी तुम्हालाच तपासेल,
कुठे चढलात, कुठून परत फिरलात, घरी कोण.
ओझ्यात किलोभर जास्त निघालं
तर काटा घेऊन भांडते, गिऱ्हाइकाशी.
अर्धी मजुरी आगाऊ, आणि ती आईच्या हातात.

खात्री? ती कसली देणार.
तिच्याही एका पोराला दोन वर्षांमागे
बर्फाच्या कड्याने नेलं.
ती त्याच्या घरी अजून पीठ पाठवते,
आणि घरचे तिचं नाव निघालं की दार लावून घेतात.
तेही कानावर असू द्या.
ती बहुधा म्हणेल, यंदा नाही, आधी सहा हजाराचं काहीतरी करून या.
राग मानू नका. पैसे परत करणारं माणूस
या बाजारात मी एवढं एकच पाहिलंय.

अहो, ते बूट खाली ठेवा.
भाव कमी करण्याचा प्रश्न नाही.
नऊ नंबरचे आहेत, तुमचा पाय दहाचा,
दारातच पाहिला मी.
वर पाय सुजतात.
आणि बाकिर गुरुवारी येतो म्हणालाय.

चहा गार झाला. आण तो पेला, दुसरा ओततो.