फाटक्या नोटांचा दर

मिंट रोडच्या कडेला माझं टेबल.
टेबल म्हणजे फळकूट, वर काच,
काचेखाली चौकटी आखलेला कागद.
नोट पसरायची, उरलेली घरं मोजायची,
मग दर बोलायचा.
वाळवी, उंदीर, इस्त्री, लहान मुलाचे दात,
कुणी खाल्लीय ते कडेवरून कळतं.
वडील सांगत, इस्माईल, माणसाकडे बघू नकोस,
कडेकडे बघ.
एकतीस वर्षं कडा बघितल्या.
घडी मधोमध पडते, म्हणून चीर बहुतेक वेळा
वचनाच्या ओळीतूनच जाते.

वैजयंता साळुंके बॅलार्ड इस्टेटमधली तीन ऑफिसं पुसते.
तिच्या नोटा धुतलेल्या असतात,
पदराच्या गाठीसकट बादलीत गेलेल्या.

त्या वर्षी सरकारनं
गरीब-श्रीमंत न बघता ज्याच्या त्याच्या खात्यात
दरमहा तीन हजार टाकायला सुरुवात केली.
माझ्या खात्यात. समोरच्या शेअर दलालाच्याही.
तो काच खाली करून म्हणाला, "परकार, पार्टी!"
आकडा तोच.
त्याचं एक जेवण, माझे दहा दिवस.

पहिल्या महिन्यात वैजयंताच्या खोलीचं भाडं सातशेनं चढलं.
दुसऱ्यात तेल.
तिसऱ्यात मुलीच्या क्लासच्या सरांनी
अगदी सभ्य अक्षरात चिठ्ठी धाडली.
पैसे जमा झाल्याचं
तिच्या आधी सगळ्यांना कळत होतं.

चौथ्या महिन्यात ती आली आणि सरळ स्टुलावर बसली.
ते स्टूल माझ्या डब्याचं,
गिऱ्हाईक कधी बसलेलं नाही.

"भाई, आणले कुठनं त्यांनी एवढे?"
"थोडे कर्जाऊ. थोडे छापले असतील."
"कर्ज कुणाकडनं?"
"बँकांकडनं."
"बँकेत कुणाचे?"
"आपलेच की."
"म्हणजे माझेच मला उसने?"
"तसंच काहीसं."
"आणि व्याज?"

मी काच पुसली. स्वच्छच होती.

डबा गुंडाळलेल्या पेपरात चौकट होती,
देशावरचं कर्ज, भागिले डोकी.
तिनं बोटं मोडून घरची डोकी धरली,
थोरलीचा मुलगाही धरला, पंधरा दिवसांचा,
बारसं व्हायचंय, हिस्सा आलेला.
"आमचा वाणी बरा," म्हणाली,
"लिहायच्या आधी विचारतो तरी."

मग उठता उठता, सहज आठवल्यासारखं:
"रात्रीचं ऑफिस सोडलं मी.
मुकादम म्हणाला, उद्यापासून दोन मजले जास्त,
पगार तोच.
मी म्हटलं, विचार करून सांगते."
पदर नीट केला.
"विचार कसला, काही नव्हताच.
पण आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं, भाई.
म्हणून पाहिलं."

मुकादमाचं तोंड कसं झालं, ते तिनं करून दाखवलं.
चहावाला पोऱ्या किटली घेऊन हसत उभा राहिला.

मी मनातल्या मनात
तिचे तीन हजार काचेवर पसरले.
हा कोपरा भाड्यानं कुरतडला,
ही कड तेलानं,
मधलं भोक सरांचं, गोल, व्यवस्थित.
आणि रुपया स्वतःच दर महिन्याला
थोडा थोडा आटतो, ती सुरकुती वेगळी.
उरलेली घरं मोजली. पुन्हा मोजली.
निम्म्याहून जास्त भरली.
माझ्या धंद्याच्या हिशेबानं
अशी नोट मेलेली नसते.
उद्याचं माहीत नाही,
उद्याची कड उद्या बघू.

तिनं शंभराची पुढे केली,
धुतलेली, कोपरा गेलेला.
मी नव्वद दिले.
तिनं मोजले, गाठ मारली, गेली.

मागच्या वर्षीपर्यंत
मी ब्याण्णव देत होतो.