साठची रेघ

काटोल नाक्याचा पंप, दुपारचे दोन.
नोझल धरायला फडकं लागतं अशा उन्हात
डोरलीकर सर स्कूटर ढकलत आले.
"पाणी मिसळून राहिले तुम्ही लोक!"
मी बोलले नाही. आत जाऊन
काचेची नळी आणली, बूच आणलं.

पन्नासपर्यंत पाणी, वर पन्नास पेट्रोल.
लेकराच्या औषधाची बाटली हलवावी
तशी हलवली,
ऑइलच्या डब्यावर टेकवली,
आणि थांबलो.

खालची रेघ चढत गेली.
चोपन्न. सत्तावन्न. साठ.
"हे पाहा, पाणी!"
"पाणी नाही सर, पाण्याकडं गेलेलं इथेनॉल.
पेट्रोलात ते भाड्यानं राहतं,
पाणी दिसलं की सामान उचलतं."

ट्रेनिंगला भिंतीवर नकाशा लावला होता:
ब्राझीलात उसाचं, अमेरिकेत मक्याचं,
थायलंडात कुठल्याशा कंदाचं,
आपल्याकडं मळीचं, मक्याचं, फुटक्या तांदळाचंही.
सगळं वहीत उतरवलं होतं मी.
परीक्षेत विचारलंच नाही.

हवा भरणारा बिसन उईके, देवलापारचा,
पाइप टाकून आला. बूच काढून
त्यानं नळी नाकाशी धरली, डोळे मिटले.
"पेट्रोलच्या मागं आहे, मित्राताई. थोडासाच.
चैतातला आमच्या आंगणातला वास."

मग म्हणाला,
"बाबाचं मडकं फोडलं होतं दारूबंदीवाल्यायनं.
बांबूची नळी नेली, वर दंड.
मडकं मोठं असतं तं
असा बोर्ड लागला असता काय?"
बोर्डावर हिरवी अक्षरं: वीस टक्के.

मला हसू आलं. मग गेलं.
सर म्हणाले, "तो विषय वेगळा."
"वेगळाच असन जी. वास तेवढा एक आहे."

टाकीचं झाकण मी उघडून पाहिलं:
रबरी चकती फाटलेली.
नळाखाली गाडी धुता धुता
पाणी आलं होतं सरांच्याच घरून.
सर रस्त्याकडं पाहत राहिले.
बिसननं न सांगता हवा भरली,
पैसे घेतले नाहीत.

नळीतलं मी टाकाऊ पिंपात ओतलं.
एक थेंब तापल्या सिमेंटवर पडला,
वाकून पाहीपर्यंत अर्धा उडालेला.
कोणता अर्धा, ते सांगता येणार नाही.