निरंक

अजनीच्या पिवळ्या पाटीवर लिहिलंय,
समुद्रसपाटीपासून उंची तीनशेच्या वर काही मीटर.
तेवढीच आमची समुद्राशी ओळख.
तरी कागदोपत्री आम्ही बंदर. कोरडं बंदर.
शिक्क्यावर नांगर आहे.
झनकलाल उईके विचारतो,
"बाबू, याले बैल कुठून जुंपाचे?"

मार्चअखेर दिल्लीहून परिपत्रक आलं, सर्व बंदरांना.
"सर्व" या शब्दात आम्हीही बसलो.
भरतीची वेळ रोज नोंदवावी.
वादळाचा बावटा कितवा, तो लिहावा.
बुडालेल्यांची नोंदवही ठेवावी, दरमहा वर पाठवावी.
टेंभुर्णे साहेबांनी चष्मा कपाळावर सारला,
म्हणाले, धोरण आहे. रकाना आहे तर भरा.
मी भरला.
भरती: निरंक. ओहोटी: निरंक.
बावटा: निरंक.
बुडालेले: निरंक.
खाली माझी वळणदार सही.

एप्रिल सरता सरता, पारा चव्वेचाळीस,
कूलरचा वाळा सुकून खोलीभर गवताचा वास,
तेव्हा खोकी उतरली:
बारा लाइफ जॅकेटं, केशरी, शिट्टीसकट.
झनकलालनं एक अंगात घातलं, शिट्टी फुंकली.
यार्डातली कुत्री उठून बसली.
"हे घालून का करू साहेब? टाकीत उतरू?"
जडसंग्रह नोंदवहीत मी बारा चढवली.
दुपारी हमाल त्यांची उशी करतात.
मी पाहिलं नाही, असं धरलंय.

एकतीस मे.
तिकडे, आठशे किलोमीटरवर,
खऱ्या बंदरात वादळ घुसलं. फाटक बंद.
जहाजं बाहेर, डबे आत,
आणि आमच्याकडे येणारी मालगाडी
भुसावळच्या अलीकडे कुठेतरी उभी.
इथे आभाळ कोरं, ढगाचा टिपका नाही.
गोंदियाचा तांदूळ सीलबंद, तापल्या पत्र्यात.
निर्यातदाराचा फोन: दंड कोणाच्या नावे?
परिपत्रक चाळलं.
सवलतीचे दिवस बंदरात पोचल्यापासून मोजावेत.
"मग तुम्ही कोण आहात?" तो ओरडला.
मी म्हटलं, होल्ड करा.

खिडकीबाहेर कडुनिंबाखाली चौदा हमाल.
सातचे नऊ वाजले, नवाचे बारा.
गाडी आली तर मजुरी.
सावली भिंतीवर चढली तशी माणसंही सरकत भिंतीला गेली.
चारला झनकलाल उठला, दुपट्टा झटकला.
"चाला बे. रोज बुडाला."

सहज म्हणाला, नेहमी म्हणतात तसं.
माझ्यापुढे नोंदवही उघडी होती, महिनाअखेर,
आणि पेन नेमकं त्या रकान्यापाशी.

चौदा.

आकडा लिहून झाल्यावर मलाच घाम फुटला.
साहेबांनी पाहिलं.
"अरे, वरून विचारतील, प्रेतं सापडली का?
पांढरी शाई लाव."
कपाटातली बाटली काढली, झाकण पिळलं.
आत शाईचा खडू झाला होता.
साहेब खिडकीशी गेले, बराच वेळ तिथेच.
यार्ड रिकामं. पत्र्यावरून ऊन थरथरत वर जाताना
लांबून पाणी असल्यासारखं दिसतं कधी कधी.
"असू दे," म्हणाले. "टपाल उद्या टाकू."

फाटकाकडे कोणीतरी जाता जाता
जॅकेटची शिट्टी वाजवली.
या वेळी कुत्र्यांनी मानही उचलली नाही.