इथं न चालणारं

हानुसचा फोन आला तेव्हा मी बटाटे सोलत होते.
"नवा काटा आलाय," तो म्हणाला,
"पण आपलं जुनं यंत्र त्याला ओळख देईना."
सुवुरॉय बेटाच्या टोकाला मासळीची शेड,
तिथला संगणक एकोणतीस वर्षांचा.
त्याची ऑपरेटिंग सिस्टीम बनवणारी कंपनी
आता फक्त त्याच्या पडद्यावर उरली आहे,
रोज सकाळी, चालू होताना, चार सेकंद.
कंपायलर?
तो कधी विकतच घेतला नव्हता.
"बदलून टाक ना," मी म्हटलं.
"बंद पडला की बदलू," हानुस म्हणाला,
"पण तो बंदच पडत नाही."

म्हणजे तोर्शहावनमध्ये बसून
उंटावरून शेळ्या हाकायच्या.

त्या सिस्टीमच्या हेडर फायली आल्या फेरीबोटीनं,
चार फ्लॉप्या, एका लिफाफ्यात,
लिफाफ्याला खारवलेल्या कॉडचा वास.
तीन वाचता आल्या. चौथी नाही.
चौथीत काय असेल ते मी अंदाजानं लिहिलं,
एका रचनेत आठ बाइट मोकळे सोडले,
घर बांधताना अजून न झालेल्या मुलाची
खोली सोडतात तसे.

आधी असेंबलर. मग लिंकर.
मग अडलं,
लायब्ररीला कंपायलर हवा,
कंपायलरला लायब्ररी.
तेव्हा एक अर्धामुर्धा कंपायलर घडवायचा,
ज्याला बेरीज येते
पण उत्तर कुणाला सांगता येत नाही.
त्या मुक्याकडून लायब्ररी करून घ्यायची
आणि तिच्या जिवावर पुन्हा तोच कंपायलर,
या वेळी बोलता.
मुक्याला मग पुसून टाकतात.
मी नाही पुसला. जागा होती डिस्कवर.

अकराव्या रात्रीही ये रे माझ्या मागल्या.
घोडं कुठं पेंड खात होतं म्हणाल तर
अगदी साध्या जागी:
वजनांचं कोष्टक मी माझ्या यंत्रावर मांडलेलं,
आणि माझं यंत्र आकड्याचं शेपूट आधी ठेवतं,
हानुसचं डोकं आधी.
माझा एक
तिकडे होत होता
एक कोटी सदुसष्ट लाख सत्त्याहत्तर हजार दोनशे सोळा.
एवढ्या ग्रॅमचा मासा
बंदरात मावला नसता.

पहाटे फाईल तयार झाली.
बाहेर धुकं, समोरचं नोल्सॉय बेट दिसतच नव्हतं,
आहे हे आपलं माहीत म्हणून.
सवयीनं मी फाईल इथंच चालवून पाहिली.
माझा संगणक म्हणाला:
ही चालवता येत नाही.
एरवी हे वाक्य मी शिवी म्हणून वाचते.
त्या पहाटे दाखला म्हणून वाचलं.
इथली असती तर इथं चालली असती.

पुन्हा लिफाफा, पुन्हा फेरीबोट,
दोन दिवस वारा म्हणून बोट सुटलीच नाही.

मग फोन. "थांब हं," हानुस म्हणाला,
आणि फोन कुठंतरी ठेवून दिला.
बर्फाच्या यंत्राची घरघर.
कुणीतरी पाण्याचा पाइप ओढत नेला.
मी उभी राहिले, मग बसले, मग पुन्हा उभी.
मग लेबल छापणाऱ्या प्रिंटरचा
टिक, टिक, टिक,
तो मी आयुष्यात पाहिलेला नाही.

"काय आलं?"
"एक किलो एकशे चाळीस."
"कुठला मासा?"
"मासा कुठला, बोट अजून यायचीय. माझा बूट ठेवलाय."
"मग बरोबर आहे का वजन?"
"कुणास ठाऊक," हानुस म्हणाला,
"बूट कधी कोणी तोललाय?"

संध्याकाळी त्यानं एवढंच कळवलं,
कॉड बरोबर, हॅडॉक बरोबर,
तारीख मात्र एक दिवस मागे.
ती चौथ्या फ्लॉपीत असणार.
"राहू दे," म्हणाला,
"आमच्याकडे सगळंच एक दिवस उशिरा येतं."

फाईल अजून माझ्याकडे आहे.
कधीतरी, दुसरं काही काम करता करता,
मी ती चालवते.
चालवता येत नाही, तो म्हणतो.
बरं, म्हणते मी.