शिट्टी जमा

लाल पेन माझ्या खिशात असतं,
निळं टेबलावर.
सत्तावीस वर्षं हजेरी मेजर आहे मी.
मुख्यालयात सगळे मेजरच म्हणतात,
बायकोसुद्धा, रागात असली की.

बक्कल नंबर तेराशे सदुसष्ट, गुर्रम अंबादास नरसय्या.
पहिले तीन दिवस त्याच्या रकान्यात
मी पेन्सिलीनं लिहिलं.
येईल, म्हटलं. पोट बिघडलं असेल,
नाहीतर पाण्याचा दिवस असेल घरी,
पाचव्या दिवशी आलेलं पाणी सोडून
परेडला कोण पळतंय.
चौथ्या दिवशी साहेबांनी पट मागवला.
मग लाल.

गड्ड्याचा बंदोबस्त लागला, नंदीध्वज निघाले,
पाळणे उतरवून माणसं पुढच्या जत्रेला गेली,
तो गैरहजर.
मतपेट्यांवर रात्री जागल्या, तो गैरहजर.
मार्चअखेर डांबर चपलेला धरू लागलं
आणि माझं पेन संपलं.
स्टोअरचा कारकून म्हणतो,
काय बे मेजर, इतकं लाल कुठं सांडायलास?

'कारणे दाखवा' घेऊन मीच गेलो,
विडी घरकुलात, दोन पंच बरोबर.
त्याची बायको उंबऱ्यात, मांडीवर सूप.
तिनं वर पाहिलं नाही.
दोऱ्याचं टोक दातात धरूनच म्हणाली, आत हायत.

आत तो खरंच होता.
बनियनवर, खुर्चीत, आणि पायात बूट.
पॉलिश केलेले. एकशे अकराव्या दिवशी.
"रोज सकाळी घालतो मेजर. लेस बांधतो.
पुढं काय व्हईनाच झालंय."

नोटिशीत 'कारणे' आहे, अनेकवचन.
मी म्हटलं, एक तरी दे.
आजारपण लिही, दारू लिही, म्हातारीचं काहीतरी लिही,
साहेब वाईट नाहीत.
तो विचार करत बसला. खरंच करत होता,
सुट्टे पैसे शोधावेत तसा, सगळे खिसे चाचपून.
मग म्हणाला,
"तळ्यातनं काढलेल्या पोरापाशी बसवला होता ना मला,
सिव्हिलला, रातभर.
न्यायला कोणच आलं नाही.
सकाळी सहाला डायरीत लिहिलो मी,
सर्व ठीक."
आणि थोड्या वेळानं,
"हे कारण हाय का मेजर?"

मी पंचांच्या सह्या घेतल्या.

चौकशी झाली. तारखा पडल्या, तो आला नाही,
तेही त्याच्याच खात्यावर चढलं.
बडतर्फीचा आदेश अडीच पानांचा.
बेजबाबदार, बेफिकीर, शिस्तीच्या खात्यास अशोभनीय.
टाइप माझाच.
'बेफिकीर'वर बोटं जरा थांबली,
पण मसुदा वरून आला होता.

किट त्याच्या मेहुण्यानं पोत्यात घालून आणलं.
बेल्ट दोन. लाठी एक.
रेनकोट घडीसकट कोरा, आपल्याकडं तो लागतो कुठं.
बूट, अजून चकचकीत.
शिट्टी?
पोरगी देईना मेजर, झोपेतसुद्धा मूठ सोडत नाही.
मी लिहिलं : शिट्टी जमा.
सत्तावीस वर्षांतली माझी ही एकच खोटी नोंद.
पेन्सिलीचे तीन दिवस धरले
तर चार.

बक्कल नंबर मोकळा ठेवत नाहीत.
पुढच्या जूनमध्ये तेराशे सदुसष्ट
अक्कलकोटकडच्या एका पोराला मिळाला,
बिराजदार, खणखणीत आवाजाचा.
पहिल्या हजेरीला मी नंबर पुकारला.
"हजर!"

मी लाल पेन उघडून उभा.
रांग पुढच्या नंबराची वाट बघत होती.