ओ

डिसेंबरातली संध्याकाळ, म्हणजे दुपारचे साडेतीन.
पायाने रेटायच्या घसरगाडीवर
बटाट्याच्या पोत्यात गुंडाळून
लेइडाने तिचा मेलेला संगणक वाचनालयात आणला
आणि म्हणाली, ह्यातला एन्डेल काढून दे.

एन्डेल तिचा नवरा. गेल्याला सहा वर्षं झाली.
अठ्ठ्याण्णव साली हेरिंगचा हंगाम बुडाला,
तेव्हा रिकाम्या हातांना चाळा म्हणून
त्याने एक प्रोग्रॅम लिहिला होता:
हिउमा बेटावर कुठल्या गावच्या घागऱ्याला कुठले पट्टे,
लाल धागे किती, मग काळे,
मग तो एकच वेडा पिवळा.
विंडोजसाठी लिहिलेला. ज्या विंडोजचं
आता कुणी नावही काढत नाही, त्या.

माझ्याकडे लिनक्सचं यंत्र.
दोघांत बोलणंचालणं नाही, सोयरीक तर नाहीच.
मी मधे एक थर बसवला.
तो काही जुनं घर पुन्हा बांधत नाही.
दाराशी उभा राहतो फक्त,
आतून हाक आली की ओ देतो.

सी ड्राइव्ह आहे का?
ओ, आहे.
(एक साधं फोल्डर, सी नाव लावून बसलेलं.)
चौकट काढू पडद्यावर?
ओ, काढ.
अक्षरं?
ओ. जवळपास तशीच.
डोक्यावर लाट असलेलं आमचं एक अक्षर तेवढं
प्रश्नचिन्ह होऊन बसलं.

बाजूच्या काळ्या खिडकीत ओळी सरकत होत्या.
लेइडाने चष्मा कपाळावर सारला, नाक पडद्याला लावलं.
हे काय बडबडतंय?
म्हटलं, काही हाका ह्याला कळत नाहीत.
तरी हा ओ देतो, करत काहीच नाही,
आणि गंमत म्हणजे, काम पुढे सरकतं.

ती हसली. इतकी, की खुर्ची मागे सरकली.
मग तोच आहे, म्हणाली.
चाळीस वर्षं. एन्डेल, चुलीत लाकूड घाल.
ओ.
आणि पेपरातून डोकं वर नाही.

एक गोष्ट राहिली.
पट्टा संपला की प्रोग्रॅम टुक्‌ करायचा;
जुन्या यंत्राच्या पोटात नाण्याएवढा भोंगा होता.
तीन संध्याकाळी घातल्या, जमलं नाही.
चौथीला जमलं असतं बहुतेक,
पण तोवर तिने यंत्र उचलून नेलंही.

जानेवारीत मध द्यायला गेलो तिच्याकडे.
मागाचा खटका, धोटा इकडून तिकडे,
खिडकीवर बर्फाचा जाड साय.
पडद्यावर लाल संपला.
आवाज नाही.

मान न वळवता ती म्हणाली, ओ,
आणि तिचा हात
काळ्या कांडीकडे गेला.